संगणकाची साक्ष आणि आरोपीचा बचाव

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार होणाऱ्या आगगाडीच्या रुळांवर काही खुणा उमटविलेल्या असतात. कारखान्याचे नाव, वर्ष आणि ज्याला तेथील कामगार ‘हीट नंबर’ म्हणतात तो क्रमांक. पुढे कधी काळी दूरच्या एखाद्या मार्गावर रूळ तडकला, तर या क्रमांकावरून तो पोलादाच्या कोणत्या घाण्यातून निघाला याचा शोध लावता येतो. मात्र एका घाण्यातून अनेक रूळ निघतात. क्रमांक असतो तो घाण्याचा. त्या पाळीत भट्टीजवळ उभ्या असलेल्या कामगाराचा तर तो मुळीच नव्हे. रूळ तडकला म्हणून केवळ त्या क्रमांकाच्या आधारे कोणा कामगाराला कोणी दोषी ठरवू म्हणेल, तर कारखान्यातील पोरसवदा शिकाऊ उमेदवारदेखील त्याला हसेल.

संगणकाच्या बाबतीत मात्र अशी चूक करताना पुष्कळ शहाणी माणसे दिसतात. इंटरनेटवर जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांकवजा पत्ता मिळतो. त्यास आयपी पत्ता असे नाव आहे. एखादा आक्षेपार्ह मजकूर अमुक पत्त्यावरून आला एवढे कळले, की गुन्हेगार सापडला असे वाटू लागते. वस्तुतः सापडलेली असते ती केवळ एक जोडणी, आणि तीही सर्व नोंदी बिनचूक असतील तरच.

२००७ सालचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ऑर्कुट नावाच्या तत्कालीन संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारे चित्र कोणी तरी प्रसिद्ध केले. पुणे पोलिसांनी त्या आयपी पत्त्याचा धारक कोण, अशी विचारणा दूरसंचार कंपनीकडे केली. कंपनीने दिलेल्या माहितीवरून बंगळुरूमधील एका तरुण संगणक अभियंत्याला अटक होऊन त्याची रवानगी येरवड्याच्या कारागृहात झाली. ती माहिती चुकीची होती. जो पत्ता त्याचा म्हणून कळविण्यात आला, तो त्या वेळी त्याचा नव्हताच. सुमारे ५० दिवस कारावास भोगल्यानंतर त्याची सुटका झाली. त्याने काय केले याचा शोध घेण्याची वेळच यावयास नको होती. कारण पहिलीच पायरी खोटी होती.

असे कसे घडू शकते, हे थोडे विस्ताराने पाहू. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि जगातील यंत्रे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून कंपन्या हे पत्ते खानावळीतील ताटांप्रमाणे वापरतात. एक जण उठला की तेच ताट दुसऱ्यापुढे येते. सकाळी ज्या पत्त्यावर एक ग्राहक होता, दुपारी त्यावर दुसराच असतो. भ्रमणध्वनीच्या जाळ्यात तर एकाच क्षणी एका पत्त्याआड शेकडो ग्राहक असू शकतात. त्यांतला नेमका कोण हे सांगण्यास ‘पोर्ट’ नावाचा आणखी एक क्रमांक नोंदलेला असावा लागतो. त्यात घड्याळाची भानगड आहे. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. परदेशी नोंदीतील ३ तारखेचे रात्रीचे ८ म्हणजे आपल्याकडे ४ तारखेची पहाटेची दीड. हे साडेपाच तास विसरले, तर निराळ्याच घराचे दार ठोठावले जाते. यास्तव बचावाच्या वकिलाचे पहिले प्रश्न अगदी साधे असतात: वेळ कोणती, ती कोणत्या घड्याळाची, पोर्टची नोंद आहे काय, आणि कंपनीने उत्तर देताना नेमका कोणता क्षण तपासला? घरातील वायफाय शेजारचा भाडेकरूही वापरत होता की काय, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता कायद्याकडे वळू. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. म्हणजे छत्तीसगढ राज्याहून तो दोन आठवड्यांनी मोठा आहे. मालकाच्या अनुमतीवाचून संगणकात प्रवेश करणे, त्यातील माहिती उतरवून घेणे, त्यात बिघाड करणे ही कृत्ये कलम ४३ मध्ये सांगितली असून त्यांचा परिणाम नुकसानभरपाई हा आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले, तर कलम ६६ लागू होऊन ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कृत्य एकच, भेद आहे तो हेतूचा. म्हणून कृत्य मान्य करूनही, ‘ते करण्याचा मला अधिकार होता असे मी प्रामाणिकपणे समजत होतो’ हा बचाव उभा राहू शकतो. नोकरी सोडताना स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीची प्रत घेऊन जाणाऱ्या अभियंत्याच्या प्रकरणात सारा वाद बहुधा याच एका बिंदूभोवती फिरतो.

कलम ६६ चा अपराध जामीनपात्र आहे. परंतु १ जुलै २०२४ पूर्वी फिर्यादीत त्याच्या जोडीला तत्कालीन भारतीय दंडसंहितेतील फसवणुकीचे कलम घातले, की प्रकरण अजामीनपात्र होत असे. २०१८ मध्ये गगन हर्ष शर्मा यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरविले, की एका कृत्याची पुरती दखल विशेष कायद्याने घेतली असेल, तर त्याच कृत्यासाठी दंडसंहितेची कलमे जोडता येणार नाहीत. हा निर्णय आरोपींच्या पुष्कळ उपयोगी पडला आहे. तथापि सर्वच खंडपीठांनी तो तसाच्या तसा स्वीकारलेला नाही. आणखी एक तांत्रिक बाब अशी, की या कायद्याखालील अपराधाचा तपास पोलीस निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही. बचावपक्षाने आरोपपत्रावरील सही नुसती पाहिली तरी कधी कधी काम भागते.

कधी मूळ कलमच टिकत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या वेळी लावलेले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले.

पुराव्याचा प्रश्न मात्र याहून खोल आहे. कागदावर खाडाखोड केली तर ती दिसते. संगणकातील मजकूर बदलला तर वरकरणी काहीच दिसत नाही. यावर गणिताने शोधलेला उपाय म्हणजे ‘हॅश’. अनुवादकाच्या दृष्टीने हा शब्द मोठा अडचणीचा. मराठीत त्यास ‘ठसा’ म्हटले तर अर्थ पुष्कळसा साधतो, म्हणून येथे तोच वापरतो. संपूर्ण हार्ड डिस्क एका ठराविक गणिती प्रक्रियेतून काढली, की एक आकडा मिळतो. प्रचलित पद्धतींपैकी एका पद्धतीत तो ६४ अक्षरांकांचा असतो. कोट्यवधी शब्दांत एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी हा ठसा समूळ बदलतो. जप्तीच्या वेळी पंचनाम्यात ठसा लिहिला आणि न्यायालयात पुन्हा काढलेला ठसा त्याच्याशी जुळला, तर मधल्या काळात हस्तक्षेप झालेला नाही हे सिद्ध होते. जप्तीच्या वेळी ठसा घेतलाच नसेल, तर आरोपीला शंकेचा फायदा मागता येतो.

येथे एक मर्यादा नीट ध्यानात घेतली पाहिजे. ठसा सांगतो ते जप्तीनंतरचे. जप्तीपूर्वी तो मजकूर त्या यंत्रात कोणी आणून ठेवला, याविषयी तो मुका असतो. पुण्यात ३१ डिसेंबर २०१७ रोजी झालेल्या एल्गार परिषदेनंतर जो खटला उभा राहिला, त्यात हाच प्रश्न पुढे आला. त्यातील आरोप संगणकीय गुन्ह्याचा नव्हे. परंतु पुराव्याचा मोठा भाग संगणकांतील पत्रांचा आहे. आरोपींमध्ये छत्तीसगढच्या कामगार वस्त्यांत अनेक वर्षे वकिली केलेल्या सुधा भारद्वाज याही आहेत. रोना विल्सन या आरोपीच्या संगणकाची प्रतिकृती बचावपक्षाने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या संस्थेने असा निष्कर्ष मांडला, की एका घुसखोर आज्ञावलीच्या साहाय्याने बाहेरून ती पत्रे एका लपविलेल्या कप्प्यात ठेवण्यात आली. ती त्या संगणकावर कधी उघडली गेल्याची खूण नाही. आणि काही पत्रे ज्या लेखनप्रणालीत तयार झाली तिची ती नवी आवृत्ती त्या संगणकावर नव्हतीच. तपासयंत्रणेस हा निष्कर्ष मान्य नाही व त्याची खरी पारख साक्षी-उलटतपासणीतच व्हावयाची. सुधा भारद्वाज यांना डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेला जामीन मात्र या कारणाने नव्हे. आरोपपत्रासाठी मुदत वाढवून देणाऱ्या न्यायाधीशास तसा अधिकार नव्हता, या मुद्द्यावर तो मिळाला.

अशी तपासणी करावयाची तर आरोपीच्या हाती प्रतिकृती हवी. २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डातील मजकूर हा ‘दस्तऐवज’ असून त्याची प्रत आरोपीस सामान्यतः दिली पाहिजे असे म्हटले. मात्र पीडित व्यक्तीच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तेथे केवळ पाहण्याची मुभा द्यावी, असा अपवादही केला. हा अपवाद मला योग्य वाटतो.

संगणकीय पुराव्याबरोबर प्रमाणपत्र हवे की नको, हा वाद जालन्याच्या एका निवडणुकीने मिटविला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर स्वीकारले गेले, असे कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे होते आणि निवडणूक कार्यालयातील चित्रफितींवर त्यांची भिस्त होती. परंतु मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र सर्व प्रयत्न करूनही ज्यास ते मिळाले नाही, त्यास अशक्य गोष्टीसाठी दोष देता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचे झाले असून त्यात ठसा नोंदविणे व तज्ज्ञाची सही घेणे आवश्यक ठरले आहे.

परवलीचा शब्द पोलिसांना सांगण्याची सक्ती आरोपीवर करता येते काय? १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात ११ न्यायाधीशांनी सांगितले होते, की बोटांचे ठसे अथवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये परवलीचा शब्दही त्याच माळेत ओवला. दिल्लीच्या एका विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये नेमके उलट मत दिले: बोट शरीराचे असते, परवलीचा शब्द मनातून काढावा लागतो. तर्कदृष्ट्या हे दुसरे मत अधिक बळकट आहे.

अलीकडे महादेव नावाच्या ऑनलाइन सट्ट्याच्या प्रकरणामुळे भिलाईचे नाव देशभर ऐकू आले. अशा प्रकरणांत बड्या सूत्रधारांबरोबर ज्याने चार पैशांसाठी आपले बॅंकखाते दुसऱ्याच्या हाती दिले, असा मजूर किंवा विद्यार्थीही अडकतो. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणणे त्यास पुरत नाही. एटीएम कार्ड कोणाजवळ होते, खात्याशी जोडलेले सिमकार्ड कोण वापरीत होते, दरमहा काही रक्कम त्यास मिळत होती काय, यांवरून न्यायालय त्याच्या अज्ञानाचे वजन करते. म्हणून खाते उघडतानाचे कागद, संदेश व बॅंकेकडे केलेली तक्रार त्याने जपून ठेवली पाहिजे. भीतीपोटी फोनमधील मजकूर पुसून टाकणे ही तर सर्वांत वाईट गोष्ट, कारण जे पुसले ते बहुधा प्रयोगशाळेत परत दिसते आणि पुसण्याची वेळही दिसते.

कोठडीत असलेल्या कोणाही माणसास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. भिलाईच्या रहिवाशाने त्यासाठी दुर्ग येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. तो अर्ज कारागृहातूनही करता येतो.