धीर स्वभावात असतो की खिशात?

लखनौ म्हणजे ‘पहले आप’ आणि निवांतपणा, तिथे धंद्याची वृत्ती कुठली, असं सहज म्हटलं जातं. मराठी माणसाबद्दलही आपण हेच ऐकत मोठे झालो. मला हा समज चुकीचाच नव्हे, अन्यायकारकही वाटतो. उठावाने होरपळलेल्या याच शहरात 1858 साली बावीस वर्षांच्या मुन्शी नवलकिशोर यांनी छापखाना काढला आणि उर्दू, फारसी, अरबी, हिंदी, संस्कृत ग्रंथ स्वस्तात घरोघरी पोचवले.

धंदा फक्त हिशेबी डोक्याचा, हाही समज पक्का आहे. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी 27 मुरलेल्या उद्योजकांची विचारपद्धती अभ्यासली. बाजाराचे अंदाज मांडत बसण्यापेक्षा ती मंडळी आपल्याजवळ काय आहे, ओळखी कुणाच्या आहेत आणि किती नुकसान झेपेल, इथून सुरुवात करत होती. म्हणजे हिशेब होताच, पण वेगळ्या टोकापासून.

सगळ्यात घातक समज धिराबद्दलचा. उद्याच्या मोठ्या फायद्यासाठी आजचा छोटा सोडतो तोच उद्योजक, आणि गरिबाला तेवढा दम नसतो, असं मानलं जातं. लखनौच्या चिकनकारीकडे, म्हणजे तिथल्या भरतकामाकडे, नीट पाहा. कापडावर नक्षीचे छापे उठतात, मग घराघरांतून बायका भरतकाम करतात, शेवटी धुलाई. बारीक कामाच्या एकेका कापडावर महिनोन्‌महिने जातात. हा उतावळेपणा म्हणायचा? तीच बाई स्वतः माल विकायचं टाळते आणि मध्यस्थाने दिलेली नगामागची मजुरी पत्करते, कारण माल खपेपर्यंत चूल थांबत नाही.

तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, त्याच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या; पण ऊस तोडणीआधी पैशांची ओढाताण असताना त्यांचे गुण कमी पडले आणि तोडणीनंतर वाढले. माणसं तीच होती, बदलला होता तो खिसा. म्हणून कुणी धंद्याचा विचार करत नाही असं दिसलं, की आधी स्वभावाला बोल लावू नये. धंदा आपल्याला जमेल हा भरवसा आणि घरच्यांचा कौल यांवरही इच्छा ठरते, आणि इच्छा असली तरी दुकान उघडतंच असं नाही.

लखनौच्या ‘सेवा’ संस्थेने 1984 पासून हेच धरून काम केलं. कारागीर बायकांना धिराचे धडे न देता मध्यस्थाला बाजूला सारलं आणि त्यांचं काम थेट बाजारात नेलं.