औषधाआधी स्वॅब

डोळखांबच्या ओपीडीत आया दबक्या आवाजात सांगतात, "डॉक्टरबाई, पोरीच्या अंगावरून जातंय." बहुतेकदा कारण साधं निघतं: जंत, अस्वच्छता, आत अडकलेला कापसाचा बोळा. म्हणून घाईनं अत्याचाराचा संशय घेत नाही. पण अँटिबायोटिक लिहिण्याआधी स्वॅब घेतेच. औषध आधी पोटात गेलं की जंतू सापडत नाही.

तान्हेपण सरलेल्या मुलीला गनोरिया, म्हणजे परमा निघाला, तर लैंगिक अत्याचाराचा दाट संशय घ्यावाच लागतो. क्लॅमिडियाचं तसं नाही. जन्मताना आईकडून आलेला तो दोन-तीन वर्षं टिकू शकतो. नुसत्या चामखिळीवरून तर निष्कर्ष काढूच नये. आणि जखम दिसली नाही म्हणून काही घडलंच नाही, असं लिहिणं अन्यायाचं आहे; अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या अंगावर खूण सापडत नाही.

२०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार अशी शंका पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. गुन्हा सिद्ध करणं डॉक्टरचं काम नव्हे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, आई किंवा तिच्या विश्वासातलं माणूस जवळ ठेवून. उपचार मोफत, एफआयआर नसला तरी.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघणाऱ्या आयांना मी मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर पाठ करायला लावते.