शाई फेकणारा आणि पाहणारा

१० डिसेंबर २०२२ रोजी चिंचवड येथे मंत्री चंद्रकांत पाटील यांच्या तोंडावर शाई फेकण्यात आली. फुले, आंबेडकर व कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळांसाठी भीक मागितली, या त्यांच्या उद्गारांचा तो निषेध होता. शाई लिहिण्यासाठी असते. ती फेकणे आम्हांस मान्य नाही. परंतु शाईफेकीस खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावण्यात आले, जे पुढे वगळावे लागले. आणि त्या प्रसंगाचे चित्रण करणाऱ्या वार्ताहरासही पोलिसांनी संशयावरून ताब्यात घेतले, हे अधिक गंभीर होय.

१८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, ते छापलेल्या मजकुराबद्दल. येथे वार्ताहराने काय केले? तो हजर राहिला. आणि हजर राहणे हेच तर त्याचे काम!

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीत संप आणि मोर्चे नवे नाहीत. तेथे कॅमेरा घेऊन उभा राहणाराच आरोपी ठरू लागला, तर उद्या कामगारांवर लाठी चालल्यास साक्ष कोण देणार? निषेध करणाऱ्याने कायद्याचे फळ खुशाल भोगावे. पाहणाऱ्याने ते का भोगावे, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे.