ओले कोणी जाळले?

जरीपटक्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने विचारले, "सर, 'कोलॅटरल डॅमेज' म्हणजे काय?" मी म्हणालो, "आनुषंगिक हानी." तो म्हणाला, "म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जळते, तेच ना?" त्याचा अर्थ माझ्या अर्थाहून नेमका होता.

लष्करी भाषेत याचा अर्थ असा : नेम लष्करी लक्ष्यावर होता, सोबत सामान्य माणसेही मेली, त्यांना मारण्याचा हेतू नव्हता. १९९१ च्या आखाती युद्धात हा शब्द घरोघरी पोचला. १९९९ मध्ये जर्मनीतील भाषाभ्यासकांनी त्याला 'वर्षाचा कुशब्द' ठरविले.

'हेतू नव्हता' एवढ्यावर कायदा मात्र थांबत नाही. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेला पहिला पूरक करार विचारतो : ही हानी आधी दिसत होती काय? लष्करी लाभाच्या मानाने ती बेसुमार होती काय? ती टाळण्याची खबरदारी घेतली काय?

हे प्रश्न आपल्या शहरालाही विचारले पाहिजेत. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर गोवारींचा मोर्चा आला. लाठीमार झाला, धावपळ झाली, ११४ माणसे मेली. त्यांत बायामुलेच अधिक. ते युद्ध नव्हते. पण घटनेला नाव मिळाले 'चेंगराचेंगरी'. या शब्दात लाठी उरत नाही, लाठीचा हुकूमही उरत नाही.

मित्रांनो, म्हण अर्धेच सांगते. ओले जळण्याआधी कोणीतरी काडी लावलेली असते. अहवालात असा शब्द दिसला, की वाक्याचा कर्ता शोधा.