ऑनलाइन सामुदायिक नियतकालिक

ऑनलाइन सामुदायिक नियतकालिक म्हणजे एखाद्या गावाने, तालुक्याने अथवा समान आस्था असलेल्या गटाने स्वतःविषयी आणि स्वतःसाठी आंतरजालावर चालवलेले नियतकालिक होय. त्याचे लेखक, संपादक व वाचक बहुधा एकाच समाजातील असतात आणि काम बव्हंशी विनामोबदला चालते. कागद, छपाई व टपाल यांचा खर्च नसल्यामुळे असे नियतकालिक सुरू करणे सोपे असते. ते टिकवणे मात्र अवघड असते. छापील अंक अनेक घरांत विखुरतो आणि म्हणूनच मागे उरतो. ऑनलाइन अंक एकाच साठवणस्थळावर असतो. तेथील शुल्क भरायचे राहिले, की तो सर्व वाचकांसाठी एकाच वेळी नाहीसा होऊ शकतो. त्यामुळे नियमितपणा, मजकुराची पडताळणी आणि जतन या तीन गोष्टींवर अशा उपक्रमाचे आयुष्य अवलंबून असते.

पूर्वपीठिका

मराठी नियतकालिकांची परंपरा बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’ (१८३२) या पत्रापासून सुरू होते. एका समाजगटाने स्वतःचा आवाज म्हणून पत्र चालवण्याचे ठळक उदाहरण म्हणजे कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक विचारांचे पत्र. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले. तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून त्यांनी ते दीर्घकाळ चालवले. शहरापासून दूर राहून शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर लिहिणारे पत्र चालू शकते, हे ‘दीनमित्र’ने दाखवून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेले ‘मूकनायक’ हे पाक्षिकही याच परंपरेतील होय. ते अल्पायुषी ठरले.

या पत्रांपुढील अडचणी आजच्या ऑनलाइन नियतकालिकांनाही चुकलेल्या नाहीत. वर्गणी वेळेवर न येणे, लिहिणारे हात कमी असणे आणि सर्व भार एकाच व्यक्तीवर पडणे, या त्यांपैकी प्रमुख होत.

आंतरजालावरील मराठी

मराठी भाषकांच्या सामुदायिक लेखनाचे आंतरजालावरील जुने व सातत्याने चाललेले स्थान म्हणजे १९९६ मध्ये सुरू झालेले ‘मायबोली’ हे संकेतस्थळ. त्यानंतर ‘मनोगत’ (२००४), ‘मिसळपाव’ (२००७) व ‘ऐसी अक्षरे’ (२०११) ही संकेतस्थळे निर्माण झाली. त्यांच्या सदस्यांनी दिवाळी अंकाची मुद्रित परंपरा आंतरजालावर नेली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. ही स्थळे जगभरच्या मराठी वाचकांसाठी आहेत. तालुक्याच्या नियतकालिकाचे क्षेत्र त्याहून लहान असले, तरी त्याच्याकडून अपेक्षित असलेला तपशील अधिक बारीक असतो.

विषयक्षेत्र : शिरूर व दौंड यांचे उदाहरण

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे परस्परांना लागून असलेले तालुके स्थानिक नियतकालिकाला किती विषय पुरवू शकतात, याचे चांगले उदाहरण आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वसाहत उजेडात आणली. अष्टविनायकांपैकी एक स्थान असलेले रांजणगाव आज औद्योगिक वसाहतीसाठीही ओळखले जाते. दौंड हे मनमाडकडे जाणारा लोहमार्ग जेथून फुटतो ते जंक्शन असून रेल्वेमुळे वाढलेले गाव आहे. भीमा नदीचा दोन्ही तालुक्यांशी संबंध आहे. पाणीवाटप, ऊस, स्थलांतरित कामगार, रेल्वेतील नोकऱ्या, यात्रा आणि शाळा हे येथील नित्याचे विषय होत.

अशा परिसरात स्थलनामांची नोंद काळजीपूर्वक करावी लागते. शिरूर गावाला ‘घोडनदी’ असेही म्हणतात. त्याच नावाची गावे बीड जिल्ह्यात (शिरूर कासार) आणि लातूर जिल्ह्यात (शिरूर अनंतपाळ) आहेत. शिरूर तालुक्यातच रांजणगाव गणपती व रांजणगाव सांडस ही दोन वेगळी गावे आहेत. दौंड परिसराचा जुना उल्लेख शोधताना ‘भीमथडी’ या पूर्वीच्या तालुक्याच्या नावाखालीही पाहावे लागते. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची सुरुवात जेथे झाली, ते सुपे तेव्हा याच तालुक्यात होते. ब्रिटिशकालीन इंग्रजी कागदपत्रांतील ‘सिरूर’ आणि ‘धोंड’ ही रूपेही ध्यानात ठेवावी लागतात. म्हणून प्रत्येक लेखाबरोबर गाव, तालुका व जिल्हा अशी पूर्ण नोंद आणि पर्यायी नावांची सूची ठेवणे उपयुक्त ठरते.

संपादन व पडताळणी

लहान नियतकालिकात लेखक आणि ज्यांच्याविषयी लिहिले ते लोक एकमेकांना ओळखतात. यामुळे माहिती मिळणे सोपे होते. भिडेपोटी चूक तशीच राहण्याची शक्यताही वाढते. त्यावर उपाय म्हणून लेख लिहिणारा व तो प्रसिद्धीसाठी मान्य करणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात, असा संकेत पाळता येतो. स्वतः पाहिलेले, कागदपत्रांवरून घेतलेले आणि ऐकीव असे माहितीचे तीन प्रकार लेखातच स्पष्ट केल्यास वाचकाला मजकुराचे मोल ठरवता येते.

इतिहासविषयक लेखनात ही शिस्त अधिक महत्त्वाची असते. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली आणि त्या घटनेच्या स्मरणदिनी, १ जानेवारी २०१८ रोजी, या परिसरात हिंसाचार झाला. जेथे भूतकाळाविषयीचे मतभेद वर्तमानावर परिणाम करतात, तेथे अप्रमाणित मजकूर केवळ अभ्यासातील चूक राहत नाही. वादग्रस्त मुद्द्यांवर निरनिराळी मते त्यांच्या आधारांसह देणे आणि निष्कर्ष घाईने न काढणे, ही संपादकाची जबाबदारी होय.

प्रसिद्ध झालेली चूक गुपचूप बदलण्याऐवजी दुरुस्तीची तारीख व स्वरूप लेखाच्या शेवटी नोंदवणे हा विश्वासार्ह मार्ग मानला जातो. छापील पत्रातील चूक अंकात कायम राहते आणि तिची दुरुस्ती पुढच्या अंकात दिसते. ऑनलाइन मजकूर मागमूस न ठेवता बदलता येत असल्यामुळे अशी नोंद तेथे अधिक आवश्यक ठरते.

लिपी, टंक व शोध

युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी बराचसा मराठी मजकूर विशिष्ट टंकांवर आधारलेला होता. तो टंक संगणकात नसेल, तर मजकूर निरर्थक अक्षरांच्या रूपात दिसतो. असे जुने लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यानंतर जोडाक्षरे व रफार हाताने तपासावे लागतात. युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन प्रकारे साठवले जाऊ शकते : ‘ॲ’ हे एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘अ’ला चंद्र जोडूनही लिहिता येते. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ अशा शब्दांतील अर्ध्या ‘र’चेही तसेच आहे. वाचकाला फरक दिसत नाही, परंतु शोधयंत्राला तो दिसू शकतो आणि लेख सापडत नाही. सर्व लेखांत एकच पद्धत पाळल्यास ही अडचण टळते. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद सांकेतिक भाषेत केली, तर तशी सोय असलेला टंक ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे दाखवू शकतो.

अनेक वाचक भ्रमणध्वनीवर वाचतात. छायाचित्रांचा आकार मर्यादित ठेवणे आणि मजकूर चित्ररूपात न देता अक्षररूपात देणे यांमुळे मंद जोडणीवरही पान उघडते आणि दृष्टिबाधितांची वाचनयंत्रे तो वाचू शकतात.

हक्क व कायदा

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीवरील हक्क सामान्यतः लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. लेखकाने हे हक्क लेखी हस्तांतरित केले, पण मुदत नमूद केली नाही, तर ती पाच वर्षे धरली जाते. त्यामुळे लेख स्वीकारतानाच प्रसिद्धी, दुरुस्ती व कायमस्वरूपी जतन यांविषयी लेखी संमती घेणे हिताचे असते. छापील नियतकालिकांची नोंदणी १ मार्च २०२४ पासून वृत्तपत्र आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ खाली होते; त्याने १८६७ च्या कायद्याची जागा घेतली. आंतरजालावरील वृत्तप्रकाशकांसाठी माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ चे नियम आहेत. अब्रुनुकसानीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये असून ऑनलाइन मजकूर तिच्या कक्षेबाहेर नाही. ऑनलाइन नियतकालिकालाही आठ अंकी आयएसएसएन क्रमांक मिळू शकतो; त्यामुळे ग्रंथालये व अभ्यासक यांना त्याची निश्चित ओळख पटते.

जतन व उत्तराधिकार

संकेतस्थळाचे नाव ठरावीक मुदतीसाठी घेतलेले असते. मुदत संपून नूतनीकरण न झाल्यास काही काळाने ते दुसऱ्या कोणालाही घेता येते. नावाची नोंदणी, साठवणस्थळ आणि परवलीचे शब्द एकाच व्यक्तीकडे असतील, तर तिच्या आजारपणात वा निधनानंतर संपूर्ण नियतकालिक अगम्य होऊ शकते. हा धोका टाळण्यासाठी किमान दोन व्यक्तींकडे अधिकार असणे, नूतनीकरणाच्या तारखा सर्व संपादकांना माहीत असणे आणि संपूर्ण मजकुराची प्रत वेगळ्या ठिकाणी नियमितपणे साठवणे आवश्यक असते. साठवलेली प्रत अधूनमधून उघडून पाहिल्याशिवाय ती उपयोगी आहे, असे गृहीत धरता येत नाही.

इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पानांची नोंद करून ठेवता येते. वर्षभरातील निवडक लेखांची छापील प्रत गावातील वाचनालयात व शाळेत ठेवणे हा आणखी एक मार्ग आहे. संपादकांची पाळी ठरावीक काळाने बदलल्यास आणि जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लेखी कार्यपुस्तिका ठेवल्यास नियतकालिक एका व्यक्तीच्या उत्साहावर विसंबून राहत नाही.