पिंजऱ्यातील फिंच पक्ष्यांचे नेत्रविकार आणि अंधत्व

फिंच हे नाव आखूड, जाड चोचीच्या अनेक लहान बीजभक्षक पक्ष्यांना दिले जाते. लाल मुनियेसारखे देशी वन्य पक्षी पकडणे व विकणे कायद्याने निषिद्ध असल्यामुळे, पुण्यासारख्या शहरांतील पिंजऱ्यांत आढळणारे फिंच बहुधा ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच किंवा जपानात माणसाळवले गेलेले बंगाली फिंच असतात. झेब्रा फिंचचे वजन सुमारे १२ ग्रॅम असते. एवढ्या लहान देहात ऊर्जेचा साठा अत्यल्प असल्याने, दाणा न दिसणारा पक्षी थोड्याच काळात उपासमारीने दगावतो. म्हणून डोळा केवळ मिटलेला आहे की दृष्टीच गेली आहे, हा निर्णय लवकर होणे महत्त्वाचे ठरते.

डोळा मिटण्याची कारणे प्रायः बाह्य असतात. नेत्रश्लेष्मलेचा दाह झाला म्हणजे पापण्या सुजतात, स्राव वाळतो व त्या चिकटून बसतात. अमेरिकेत १९९४ साली हाउस फिंच ह्या वन्य पक्ष्यांत मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम ह्या जीवाणूमुळे अशी साथ उद्‌भवली. दिसेनासे झालेले पक्षी उपासमारीस व शत्रूंस बळी पडले. डासांमार्फत पसरणाऱ्या देवीसदृश विषाणुरोगात पापण्यांवर गाठी व खपल्या येतात. साचलेल्या विष्ठेतून निघणारा अमोनियाही डोळ्यांस दाहक असतो.

आहारजन्य कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि ते समजण्यास पुण्याच्या मार्केट यार्डाचे उदाहरण सोयीचे आहे. तेथील भुसार बाजारात मिळणाऱ्या राळे व बाजरी ह्यांसारख्या धान्यांवरच अनेक पाळीव फिंच पोसले जातात. ह्या धान्यांत कॅरोटीन अत्यल्प असते. पक्ष्याच्या शरीरात जीवनसत्त्व अ तयार होते ते मुख्यतः कॅरोटीनपासून. त्याच्या अभावी डोळा, नाक व श्वसनमार्ग ह्यांचा ओलसर अधिस्तर कोरडा व शृंगमय होतो, अश्रूंचा प्रवाह मंदावतो आणि जंतूंना वाव मिळतो. उणीव भरून काढणारे पालक, कोथिंबीर व गाजर त्याच यार्डात, भाजी-विभागात मिळतात. मात्र जीवनसत्त्व अ यकृतात साठत असल्याने त्याची औषधी मात्रा अंदाजाने देणे घातक होय.

डोळा उघडा असून पक्षी आंधळा असेल, तर भिंग व दृष्टिपटल ह्यांचा विचार करावा लागतो. वृद्ध पक्ष्यांत मोतीबिंदू होतो. यॉर्कशायर व नॉर्विच जातींच्या कॅनरींत तो आनुवंशिक असल्याचेही आढळले आहे.

अंधत्वाची परीक्षा करताना सस्तन प्राण्यांचा नियम पक्ष्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. पक्ष्यांच्या परितारिकेत रेखित स्नायू असल्याने बाहुलीचे आकुंचन अंशतः इच्छाधीन असते. भयानेही त्यात फरक पडतो. शिवाय दोन्ही दृक्‌तंत्रिका परस्परांना संपूर्णपणे छेदून जात असल्यामुळे, एका डोळ्यावर प्रकाश टाकून दुसऱ्याच्या बाहुलीवरून अनुमान काढणे निष्फळ ठरते. वर्तनाची परीक्षा अधिक विश्वसनीय होय: काचेआडून, वाऱ्याची झुळूक न लागेल अशा रीतीने, प्रत्येक बाजूने स्वतंत्रपणे हात हलवावा व पक्षी दचकतो की नाही हे पाहावे. डोळे दोन बाजूंस असल्याने एका डोळ्याचे अंधत्व मालकाच्या ध्यानात बहुधा येतच नाही. दांडीवर उतरताना होणारी चूक व एकाच बाजूस कललेली मान ह्यांवरून मात्र त्याची शंका घेता येते.

पापणी सुजणे, स्राव येणे किंवा डोळा मिटलेला राहणे ह्यांपैकी काहीही दिसताच पक्षी वेगळा ठेवून पशुवैद्याकडे न्यावा. मानवी नेत्रौषधे, विशेषतः स्टेरॉइडयुक्त थेंब, स्वतःहून वापरू नयेत. दृष्टी कायमची गेलेली असली तरी पक्षी जगू शकतो. दांड्या खाली बसवाव्यात, दाणा-पाणी एका ठरावीक जागी ठेवावे व पिंजऱ्याची रचना बदलू नये. स्मृतीच्या आधारे तो आपले अन्न शोधतो. अंधत्वाचे निदान हा अशा पक्ष्याच्या शुश्रूषेचा शेवट नव्हे. अंधत्व टाळता येण्याजोगे असताना आहाराकडे दुर्लक्ष होणे, हीच खरी हानी होय.