नितळ पाण्याचा दगा

गढूळ पाणी आपण गाळतो, रोगराईची शंका आली तर उकळतो. फ्लोराइडपुढे हे दोन्ही उपाय निष्प्रभ ठरतात. ते पाण्यात पूर्ण विरघळलेले असते, म्हणून फडक्यात अडकत नाही. आणि उकळताना पाणी जितके आटते तितके त्याचे प्रमाण उलट वाढते.

ते येते खडकातून. ग्रॅनाइटसारख्या खडकांत फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, कृष्णाभ्रक ही फ्लोरिनयुक्त खनिजे असतात. भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले पाणी ती हळूहळू विरघळवते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर त्याच्याशी बांधले जाऊन फ्लोराइड खाली बसते. खोलवर मात्र अनेकदा कॅल्शियमची जागा सोडियम घेते, पाणी अल्कधर्मी होते आणि फ्लोराइड विरघळलेलेच राहते. असे पाणी जड लागत नाही, त्यात साबणाला फेस येतो, डाळ लवकर शिजते. पाणी पारखण्याच्या घरगुती कसोट्यांना ते नेमके उतरते.

भारतात या विकाराची वैद्यकीय नोंद 1937 साली नेल्लोर भागातून झाली. महाराष्ट्रात 1972च्या दुष्काळानंतर गावोगावी विंधनविहिरी आल्या. पटकी आणि नारूपासून सुटका व्हायला त्यांची मोठी मदत झाली, हे विसरता येत नाही. राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे. पूर्वेकडे त्याहून जुने खडक वर येतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळते. भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ते स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5पर्यंत चालवून घेतात.

त्यापुढे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. दीर्घकाळ जास्त मात्रा गेली की हाडे दाट पण ठिसूळ होतात, सांध्यांभोवतीचे अस्थिबंध कडक होतात, मान वळेनाशी होते. वाकलेले हाड सरळ करणारे औषध नाही.

मग पुन्हा उथळ विहिरीकडे वळावे का? तिथे दुसरा पाहुणा बसलेला असतो, नायट्रेट. हे वरून येते : शेतातल्या खतांतून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यांतून. त्याची मर्यादा 45 मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते कमी करते. उकळून तेही जात नाही. म्हणजे खोली हा निकष नव्हे. प्रत्येक स्रोत स्वतंत्रपणे तपासावा लागतो. शेजारशेजारच्या दोन हातपंपांचे आकडेही वेगळे येतात, कारण दोघांच्या भेगा वेगळ्या असतात.

नागपूरच्या 'नीरी'ने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड साक्याबरोबर खाली बसवतात. पद्धत स्वस्त आहे. पण मात्रा रोज नेमकी मोजणारा आणि साका नीट टाकणारा माणूस लागतो. तो नसला की टाकी नुसती उभी राहते. म्हणून मला वाटते, पहिला खर्च तपासणीवर आणि फक्त पिण्या-रांधण्यापुरत्या सुरक्षित पाण्यावर व्हावा. धुण्याला तोच हातपंप चालू शकतो.

आणि हे वेळेत व्हावे. कायमच्या दातांचे कवच बहुतांशी वयाच्या आठ वर्षांच्या आत घडते. पाणीयोजना दहा वर्षे रखडली, तर ती पूर्ण होईपर्यंत गावातल्या एका अख्ख्या पिढीचे दात घडून गेलेले असतात.